समुद्रसपाटीपासून

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
नागपूरच्या खाली बारीक अक्षरात उंची लिहिलेली असते,
समुद्रसपाटीपासून तीनशे अन् वर काही मीटर.
केवलदादा सुट्टीवर उतरला की आधी ते वाचायचा.
मी म्हणायचो, वाढली का रे?
तो म्हणायचा, नाही. अजून तेवढीच.

रिअर अ‍ॅडमिरल केवलराम सोनकुसरे, निवृत्त.
तांडापेठेत दारावरची ही पाटी कोणी पुरती वाचत नाही.
पोस्टमन त्याला कर्नल म्हणतो,
पानठेल्यावरचा गुणवंता म्हणतो,
बसा ना बाप्पा, मेजरसाहेब.
दादा दुरुस्त करत नाही.
दोन्ही कोरड्या जागा आहेत, म्हणतो, इथे बऱ्या.

बाबा खड्डामागावर बसायचे,
कमरेपासून खाली जमिनीत.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
अन् लुगडं इंचाइंचाने पुढे सरायचं.
त्या माणसाने पोराला एकदाच विचारलं,
तिथे पाय कुठे ठेवतोस?
दादाला उत्तर आलं नाही.
तेव्हा तो लेफ्टनंट होता,
नाईक तलावात म्हशीची शेपटी धरून
पोहायला शिकलेला.

पहिल्या जहाजावरून पत्र आलं होतं:
नऊ दिवस ओकतो आहे.
पाणी भरपूर, पिता येत नाही.
आईने ते पत्र देवापुढे ठेवलं
अन् महिनाभर नळावर कोणाशी भांडली नाही.

मी महापालिकेत व्हॉल्वमन.
लोखंडी चावी, पहाटेचे चार,
अर्ध्या पाचपावलीला पाऊण तास पाणी.
दोघांनी जन्मभर पाणीच सांभाळलं,
असं मी लग्नाकार्यात म्हणायचो, लोक हसायचे.
दादा हसायचा नाही.
तुझं मोजता येतं, म्हणायचा.

या मे महिन्यात रात्री दोनला लाइट गेली.
कूलर थांबला अन् दादा ताडकन उठला,
पाय चपलांत,
हात भिंतीवर काहीतरी चाचपत.
इंजिन थांबलं की जाग येते, म्हणाला, सवय आहे.
आम्ही गच्चीवर गेलो. सिमेंट अजून तापलेलं.

तिथे त्याने सांगितलं, माझ्याकडे न बघता.
काकीनाड्याचा एक पोरगा, बावीस वर्षांचा,
रात्री मागच्या डेकवरून पडला.
जहाज वळवलं. नऊ तास
तेच पाणी विंचरलं, दिवे टाकून,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
बाबांच्या धोट्यासारखं.
मग शोध थांबवायचा हुकूम. तो मलाच द्यायचा होता.
सुकाणूवरच्या माणसाने हुकूम ऐकला
अन् मोठ्याने परत म्हटला, तशी रीतच असते.
माझं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं, डोमा.

बापाला पत्र लिहिलं, दोन पानं.
उत्तरादाखल कार्ड आलं,
कोणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलेलं, एकच ओळ:
नऊ तास म्हणजे उजाडलं असेल ना, साहेब?

पदकं सगळी त्यानंतरची आहेत.

मला काही सुचलं नाही.
चौतीस वर्षं मी चावी फिरवून पाणी बंद केलं,
बायाबापड्यांच्या शिव्या खाल्ल्या,
घरी येऊन पोहे खाल्ले.
खाली कोणाचं तरी कुत्रं भुंकून थांबलं.

चारला माझं अंग आपोआप उठलं.
अंगणातला नळ खोकला, शिट्टी वाजवली, पुन्हा खोकला.
दादा जिन्यात थबकला.
आधी हवा येते, मी म्हटलं, थांब जरा.
लाइट अजून आली नव्हती.
त्याने नळाखाली बादली लावली
अन् अंधारात वाकून
ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली,
जशी काही हलणार होती.