कुलर

मासोळीची थर्माकोलची पेटी, तुमसरच्या बाजारातली.
तापल्या सळईनं भोक पाडलं,
वास काही गेला नाही.
आत मामाच्या मेलेल्या फ्रीजची तांब्याची नळी,
अकरा वेढे;
बारावा चिमटला, तेवढा कापला.

कॅनमध्ये ज्वारीची बियर, बावीस दिवसांची.
हवा भरायला सायकलचा पंप.

फत्तूबाबा नेवारे काठी टेकून वाकला:
"ह्या कुलरले पंखा कोठी हाय बापा?
अन् वाळा?"

बर्फ घाई करत होता, पेटी पाझरत होती.
तोटी फिरवली.
फेस. नुसता फेस, गिलासभर.

बाबानं मिशा बुडवल्या, डोळे मिटले,
आणि मे महिन्याच्या भर दुपारी
त्याच्या हातावर काटा उभा राहिला.

"पंखा नोको लावू," म्हणाला.