सतरावा ठोका

लक्ष्मीपती म्याकलनं ते गाणं केलं तेव्हा
त्याच्याकडं एकच माईक होता,
तोही माझ्या मोबाईलचा.

साखर पेठेतली आमची शेड.
चार नंबरच्या मागावर टॉवेल चालला होता.
धोट्याजवळ त्यानं मोबाईल धरला
दोन मिनिटं.
मग लाईट गेली.

त्या दोन मिनिटांवर त्यानं बास चढवला,
लग्नातली पिपाणी उलटी वाजवली,
मधेच स्वतः ओरडला, "आगोद्दु!"
थांबू नको.
फाईलचं नाव : लक्की फायनल नवीन तीन.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.
गुलबर्ग्यापासून लातूरपर्यंत एक वरात सुटली नाही.
उमरग्यात म्हणे एक घोडी
दुसऱ्या गाण्यावर पायच उचलत नाही.
कुणी केलं, कुणाला ठाऊक नाही,
नुसतं म्हणतात, "सोलापूर लाव बे."

आणि सतराव्या ठोक्याला सगळे उडी मारतात.
डावा पाय वर, अर्धी गिरकी.
माझी भाची पुण्यात गॅदरिंगला नाचली,
तिच्या बाईंनी ती उडी
वहीत "स्टेप क्रमांक दोन" म्हणून लिहून घेतली होती.

खरं सांगायचं तर
चार नंबरची चामड्याची वादी झिजली होती.
दर सतराव्या फेकीला धोटा अडखळायचा,
एक ठोका उशिरा पडायचा.
फिटर गफूरचाचा सोमवारी येणार होते.
चाळीस रुपयांची वादी.
शेठ तो टॉवेल सेकंडमध्ये टाकून
नगामागं दोन रुपये कापायचा.

माग गेले किलोवर.
शेडमध्ये आता डीजेची गाडी उभी असते.
लक्ष्मीपती हैदराबादला सीसीटीव्ही बसवतो.
म्हणतो, त्यात आवाज नसतो,
बरं असतं बे.

परवा रात्री गल्लीत वरात आली.
पत्रे थरथरले, माठावरचा पेला सरकत सरकत
खाली पडला.
नानांना ऐकू येत नाही,
तीस वर्षांत मागांनी दोन्ही कान नेले.
ते उठले, पत्र्याच्या दाराला तळहात लावून
उभे राहिले.
ओठ हलत होते. मोजत होते.

बाहेर दोनशे पोरं एकदम हवेत.

"चार नंबर," नाना म्हणाले.
मग माझ्याकडं वळून, जरा चिडूनच,
"अजून वादी बदलली नाही होय रे?"