वजा एक

उद्यमनगरात, पार्वती टॉकीजच्या मागच्या बोळात,
इलाही शिकलगारांच्या वर्कशॉपमध्ये
एक चौकोनी मॉनिटर आहे. सतरा इंची.
कडांवर ग्रीसची बोटं, डोक्यावर कूलंटचा पिवळा थर.
रोज सकाळी तो काळा पडतो
आणि एक निळी चौकट इकडून तिकडे तरंगते :
रेंजच्या बाहेर.

केरबा लोहार ती चौकट बघतो, बटण दाबून बंद करतो.
पुन्हा चालू. पुन्हा काळा. पुन्हा बंद.
"मेलं वाटतंय, सायेब," फोनवर म्हणाला,
"पोट हलतंय, पण डोळं उघडत न्हाई."

मेलं नव्हतं.
त्या काळ्यामागं मेनू उभा होता,
पडद्याला न मावणाऱ्या मापात,
आपण कुणाला दिसत नाही हे न कळता
दहा, नऊ, आठ मोजत.

मी फाईल उघडली. माप खाली आणलं,
एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट.
एक अवतरणचिन्ह मिटवायचं राहिलं
आणि सगळंच अडलं. अर्धा तास त्यात गेला.
शेजारी लेथवर पिना कापणं चालू,
त्यांचा निळसर कीस माझ्या चपलेत.

मग दिसला. चौदा ओळी :
जुने कर्नल, त्यांच्या दुरुस्तीच्या वाटा, मेमरीची चाचणी,
तळाला विंडोज,
जे गेल्या उन्हाळ्यातच काढून टाकलंय.
सगळं इंग्रजी, मुंगीएवढं.
केरबानं चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला, मग काढलाच.
"ह्यातलं माझं कुठलं?"

इलाहीभाईंना मागं रंकाळ्याचा फोटो पाहिजे होता,
संध्याकाळचा, मुलीनं काढलेला.
लावला. अक्षरं पाण्यात गेली.
"काढा," केरबा म्हणाला, "तळं बघाय मी रंकाळ्यावर जातो."

अक्षर बत्तीसचं केलं. म्हटलं, आता मराठी.
'हिशेब' लिहिला, 'दुरुस्ती' लिहिली,
यंत्र पुन्हा सुरू केलं तर
हिशेबाची वेलांटी 'ह' ओलांडून 'श'च्या अंगावर,
दुरुस्तीतला 'स' पाय मोडून सुटा बसलेला.
जोडाक्षर जोडायची अक्कल तिथं नसते;
यंत्र अजून जागं व्हायचं असतं,
अक्षरं येतात तशी उभी राहतात, रेशनच्या रांगेसारखी.

मग शब्द शोधत बसलो :
पहिली वेलांटी नको, जोडाक्षर नको,
डोक्यावर ठिपका नको, पायाशी उकार नको.
किती थोडे निघतात.
पगार निघतो, कर्ज निघत नाही.
आजार निघतो, दवाखाना निघतो,
सुट्टी कशीही लिहा, मोडते.

चार वाजता ठरलं. वरची ओळ : काम.
खालची : बाकी.
बाकीत बाकी सगळं.

"किती सेकंद थांबवू?"
केरबाचा क्रम असा : बटण, मागचं शटर, बादलीभर पाणी,
लेथला उदबत्ती, चहावाला आला तर चहा.
कधी चाळीस सेकंद, कधी सात मिनिटं.
"मी येईपतोर थांबू दे की."
त्यालाही आकडा आहे. वजा एक.
तो लिहिला की मोजणं बंद,
मेनू नुसता उभा राहतो.
भट्टी थांबत नाही, जॉब न्यायला आलेला टेम्पो थांबत नाही,
त्यामुळं त्याला ते पटेना.
"रातभर सुदिक?"
"रात्रभरसुद्धा."

बिल बघत इलाहीभाई म्हणाले,
"दिवसभर बसून दोन शब्द?"
मी हो म्हणालो.
आत केरबा बटण दाबून मागचं शटर उघडायला गेला होता,
संध्याकाळी, काही कारण नसताना,
आणि अर्ध्यातून वळून बघत होता,
अजून उभं आहे का.