मात्रा

एकतीस वर्षं मी याकुत्स्कच्या इस्पितळात
लोकांच्या छातीतून उजेड पार केला.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
दिवसभर एवढंच बोलायचे
आणि मग ओल्या फिल्मवर सावल्या वाचायचे.
आता निवृत्त आहे. टोमॅटो वाढवते.

फेब्रुवारी. बाहेर उणे त्रेचाळीस.
खिडकीच्या तिन्ही काचांवर बर्फाची अशी साय
की दुपारसुद्धा आत येताना पाय ओढते.
बी मात्र आत्ताच टाकावं लागतं.
जूनमध्ये जमीन वीतभर मोकळी होते,
तेव्हा रोप तयार हवं, दंड भरलेलं.

पहिल्या वर्षी एकच नळी लावली,
स्वयंपाकघरातली जुनी.
रोपं तिच्याकडे माना ताणत गेली,
उंच, फिकी, दोऱ्यासारखी,
आणि एका सकाळी सगळी एका अंगाला आडवी,
रात्रीत कुणी भांग पाडून गेल्यासारखी.

दुसऱ्या वर्षी भाचा आयताल
खोक्यातून एक जांभळा राक्षस घेऊन आला.
"मावशी, याच्याखाली कलिंगडं पिकतील."
वीतभर अंतरावर टांगला.
आठवड्यात पानांचे द्रोण झाले, कडा भाजलेल्या.
अति तिथे माती म्हणतात.
माती तर कुंडीत आधीपासूनच होती,
मीच मोठ्या कौतुकाने चाळलेली.

मला सवय उलट्या हिशोबाची.
उजेड जास्त झाला की फिल्म काळी पडते,
पान पांढरं.
कमी झाला की फिल्म कोरी राहते, गप्प.
रोप गप्प राहत नाही,
ते शोधायला निघतं.

खोक्यावर वॅट लिहिले होते.
दिवा किती जेवतो ते कळलं,
रोपाला किती वाढतो ते नाही.
मग छताला आकडा मारला, साखळी घेतली
आणि पुन्हा सावल्या वाचायला बसले.
पानांच्या उंचीवर तळहात धरायचा.
खाली सावली धुरकट, बोटं एकमेकांत मिसळलेली,
तर दिवा खाली घ्यायचा.
सावली सुरीसारखी आणि मिनिटभरात हाताच्या पाठीला चटका,
तर दिवा वर.
दोन्हींच्या मध्ये कुठेतरी
साधारण कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत
ते अंतर होतं. माझ्या कोपरापासून.
आयतालचा हात लांब आहे.

कामावरचा बिल्ला शेल्फाला अडकवलाय,
अंगात किती किरण गेले ते मोजणारा.
त्याला या उजेडातलं काही कळत नाही.
असू दे.

एकदा वाटलं, रात्रभर ठेवावा चालू,
बाहेर इतका अंधार, आत तरी कशाला?
पानं पिवळी पडली.
जूनमध्ये सूर्य बुडायचं नावच घेत नाही
तेव्हा मीच तर खिडकीला घोंगडी ठोकते
आणि तरी कूस बदलत पडते.
मग चौदा तास ठरवले. सकाळी सात ते रात्री नऊ.
खटक्याचं घड्याळ लावून टाकलं.

समोरच्या इमारतीतला स्पिरिदोन
पाचला उठून ट्रक तापवतो, नदीच्या बर्फावरून पलीकडे जातो.
दुकानात भेटला, मिशीला दहिवर लटकलेलं.
"तुझी जांभळी खिडकी मेली का गं, अकुलिना?
धुक्यात तिच्यावरून मला फाटक सापडायचं."
मी म्हटलं, रोपांना झोप लागते.
तो म्हणाला, बरोबर आहे, आणि दूध घेऊन गेला.

दोन दिवस मी बेरजा करत राहिले.
पाच ते सातसुद्धा चौदाच तास होतात.
रोपांना कुठे घड्याळ कळतं.

आज पाचला खटका वाजला.
खाली इंजिन खोकत होतं.
नखाने काचेवर नाण्याएवढी जागा खरवडली
पण धुक्यात काही दिसलं नाही,
फक्त आवाज हळूहळू फाटकाकडे सरकला.
परत येऊन दिव्याखाली हात धरला.
कालपेक्षा कड जरा मऊ वाटली.
साखळीची एक कडी खाली घेतली.