रकाना

माझं काम सोपं होतं.
पहाटे लोल्वे सरोवराच्या काठावर टेबल टाकायचं,
कंदील, वही, तागडी,
आणि होड्या लागल्या की लिहायचं:
होडीचा क्रमांक. मालक. मासे, किलोमध्ये.
बावीस वर्षं लिहिलं, खाडाखोड नाही.
किसुमूहून आलेला तपासनीस म्हणाला होता,
ओगेलो, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे.

मासे घ्यायला बायका यायच्या.
पाट्या पालथ्या घालून अंधारात बसून राहायच्या.
कुणाला मासा मिळायचा, कुणाला नाही.
मिळायचा तिनं पैसे तर मोजलेलेच असायचे.
वर आणखी काय मोजावं लागलं
ते होड्यांमागच्या लव्हाळ्याला ठाऊक.
माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.
मी लव्हाळ्याकडे पाठ करून बसायचो.
टेबलाची जागाही मीच तशी निवडली होती.

अपोंडीला दोन वर्षं मासा मिळाला नाही.
म्हणजे: ती नाही म्हणाली.
दोन वर्षं तिनं बसथांब्यावर कणसं भाजली
आणि अकरा बायकांकडून दर शुक्रवारी
पन्नास-पन्नास शिलिंग
मार्गारिनच्या निळ्या डब्यात जमवले.
डबा ठेवायचा कुणाकडे, यावर कडाक्याचं भांडण.
नवरे होते, दीर होते, एकीचा मुलगा तर पोलिसात.
शेवटी डबा राहिला खुराड्यात,
अंड्यांवर बसलेल्या एका खुनशी कोंबडीच्या पोटाखाली.

सुतार ओकुंबानं फळ्या पारखल्या, मग विचारलं,
होडी कुणासाठी?
माझ्यासाठी.
हो, पण कुणासाठी?
ती फळीवर बोटं वाजवत उभी राहिली,
त्याला समजेपर्यंत.
नाव काय रंगवू?
काही नको. आधी तरंगू दे.

मग माझ्या टेबलासमोर.
मी सवयीनं म्हणालो, मालक?
अपोंडी, लिही.
मालकीण लिहावं, तर लोक विचारणार मालक कुठे गेलेत.
मी लेखणी धरून बसलो.
शब्दाचं तुझं तू बघ, म्हणाली, नाव माझं लिही.
त्या पानावर शाईचा डाग पडला. अजून आहे.

होडीला बाईचा पाय लागला की मासा पळतो,
हे आम्हाला आईच्या दुधातून मिळालेलं
(सांगितलंही आईनंच).
एका दुपारी तळाशी पाणी झिरपलं,
खलाशी भाचा झाडाखाली घोरत होता.
ती चढली.
त्याच निळ्या डब्यानं पाणी उपसत राहिली.
सगळा किनारा पाण्याकडे बघत उभा,
जणू आता मासे गाठोडी बांधून टांझानियाला निघतील.
दुसऱ्या पहाटे मी वजन केलं: बेचाळीस किलो.
आदल्या दिवशीही बेचाळीस.
मासे रुसले नाहीत.
खूश झाले म्हणावं, तर तसंही नाही.

मग तिनं वाळूवर एक दोरी टाकली.
आधी आली तिला आधी. तागडी सगळ्यांदेखत.
या किनाऱ्यावर पूर आलेले, मंत्री आलेले,
रांग कधी आली नव्हती.
तिसऱ्या दिवशी दोरीला लागून चौथी उभी होती
अकेयो, माझी लेक.
ती इथे मासे घ्यायला येते हे मला माहीत नव्हतं.
म्हणजे: मी पाठ करून बसायचो.

त्या दिवशी मी टेबल फिरवलं.
फार काही केलं असं नाही.
चार पाय, अर्धा फेरा, वाळूत थोडे ओरखडे.
तिनं पाहिलं की नाही, कुणास ठाऊक.

बाकीच्या होड्या अजून तशाच आहेत.
लव्हाळंही आहे.
पण आज सकाळी म्हातारी न्यासेमे
पाटी आपटून ओरडली,
अपोंडी, किलोमागे दहा शिलिंग जास्त लावतेस, लुटारू!
परवडत नसेल तर हो बाजूला, अपोंडी म्हणाली,
मागे सतरा जणी आहेत.
बाजूला होते माझी चप्पल!
आणि दोघी कमरेवर हात ठेवून
ऊन वर येईपर्यंत, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं
भांडल्या,
भावावरून.
नुसत्या भावावरून.