शंभर ग्रॅम

बाबा तळोज्याच्या प्लांटात एकतीस वर्षं
ऑक्सिजन भरत होते.
काळी बाटली, पांढरे खांदे, दीडशे किलोचा दाब,
आणि शेवटी दाढीचा जुना ब्रश बुडवून
व्हॉल्व्हच्या मानेला साबणाचा फेस.
फुगा आला की बाटली बाजूला.
कामाच्या दिवशी डोक्याला तेल लावायचे नाहीत.
तेल आणि ऑक्सिजन समोरासमोर आणू नये,
एवढं एकच शास्त्र त्यांनी मला शिकवलं,
तेही आंघोळीच्या वेळी, ओरडून.

आता कळंबोलीच्या सिडकोच्या दोन खोल्यांत
जेवणं उरकली की मी मंगळ उघडते.
एक यान त्याच्याभोवती फिरतं,
वरच्या विरळ हवेतून डोकं काढतं, पुन्हा बुडतं,
आणि मोजतं: काय सुटलं, किती सुटलं.
परवा सूर्याचा एक डाग फुटला.
आज तो लोंढा तिथे पोचला
आणि माझ्या आलेखाची रेघ
खिडकीच्या पडद्यासारखी उडाली.

मागे चप्पल वाजली.
"झोपाचा नाय काय गो?"
मी म्हटलं, गळती बघतेय.
हा शब्द ऐकला आणि हसुराम मढवी
निवृत्तीनंतर पहिल्यांदा
खुर्ची ओढून माझ्या कामाला बसले.

"किती जातंय?"
एरवी सेकंदाला शंभर ग्रॅम.
ते हसले. शंभर ग्रॅम म्हणजे
रोडपालीच्या वाण्याकडची बडीशेपेची पुडी.
"कवापासून?"
चारशे कोटी वर्षं, बाबा.
हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण रिकामं.
"आनि ह्या वादलात?"
दहापट. कधी वीसपट.
सूर्याचं ऊन अणूचा एक कण उडवतं,
उघडा पडलेला अणू वाऱ्याच्या हाती लागतो,
आणि वारा त्याला असा नेतो
की परत यायला वाटच नाही.
एकेकाळी नद्या होत्या तिथे.
पात्रं आहेत अजून, नुसती.
कासाडीला निदान फेस तरी येतो.

बाबांनी स्क्रीनवरचा तो तांबडा गोळा
बाटली फिरवून बघावी तसा बघितला.
मग म्हणाले,
"वायसर गेला आसंल."

मी प्रबंधात तीन पानं घेतली होती:
पोटातलं लोखंड निवलं, घुसळण थांबली,
चुंबकाचं आवरण विझलं,
सूर्याला थेट अंगावर घेणं आलं.
तीन पानं.

"आनि आपला?"
आपला शाबूत आहे, म्हटलं.
फक्त ध्रुवांपाशी जरा सैल.
वादळाच्या रात्री तिथून
आपलीही हवा जाते, थोडी.
"थोडी," ते म्हणाले.
मान हलवली, तशी मी ओळखते.
त्या उन्हाळ्यात ट्रकांची रांग नावड्याच्या फाट्यापर्यंत होती,
ते चौदा दिवस घरी आले नव्हते,
आणि आले तेव्हा न जेवता एवढंच सांगितलं
की एका बाटलीला बारीक फुगा होता,
अगदी मोहरीएवढा,
आणि बाजूला ठेवायला
कोणी वेळ दिला नाही.
त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.
मीही नाही.

पहाटे रेघ खाली बसली.
आकडे साठवून पाणी प्यायला उठले तर
स्वयंपाकघरात दिवा.
बाबा ओट्याखाली उकिडवे,
हातात वाटी, वाटीत दाढीचा ब्रश,
घरच्या लाल सिलिंडरच्या गळ्याला
फेस लावत होते.
फुगा आला नाही.
तरी ते तसेच बसून राहिले,
फेस वाळेपर्यंत.