दुसरा भाग

पहिला भाग मी चार वेळा पाहिला,
त्यातला एकदा तापात.
म्हणून दुसऱ्याच्या पहिल्याच खेळाला
सुपरवायझर चिप्पाला सांगितलं, दाढ दुखतीय.
दाढ खरंच दुखत होती,
पण ते मागच्या महिन्यात.

सकाळचे दहा, आणि ऊन आत्ताच तव्यावर.
रांगेत सगळी कॉलेजची पोरं.
एक म्हणाला, "मावशी, घरगुती पिक्चर
पलीकडच्या पडद्याला हाय."
म्हटलं, "ठाव हाय रे.
मी हंसासाठी आलेय."

तर कॅप्टन दम.
तो श्वास कोंडतो तेव्हा जग थांबतं.
पण फुप्फुस आपल्यासारखंच, कापसाच्या धुळीतलं वाटावं असं:
एकवीस सेकंद. बास.
तेवढ्यात पडणारा म्हातारा धरायचा
की स्वतःची सुटलेली पँट,
हे त्यानं ठरवायचं.
(म्हातारा धरला. मी तेव्हाच त्याची झाले.)
आणि त्याचा हंस, हरबंस,
जग थांबलं तरी थांबत नाही,
निवांत कुणाच्याही ताटातलं खातो.
का थांबत नाही, कुणी सांगितलेलं नाही.
सांगूही नये.

आता दुसऱ्या भागात हा चाळीस सेकंद दम धरतो.
हे मला पटलं नाही.
चाळीस सेकंदांत कुणीही शूर होईल.
चाळीस सेकंदांत मी दोन टॉवेल संपवते.

खलनायक लोकांचे रविवार चोरून
बरणीत भरतो.
पोरं हसली, मीही हसले,
पण आमच्याकडं आला असता तर
रिकाम्या बरणीनं गेला असता.
आमची सुट्टी लाईट जाते तेव्हा.

मध्यंतरानंतर जरा ढिला पडतो,
एक गाणं उगाच, एक पूल उगाच पडतो,
मी पिशवीतली कडक भाकरी मोडत होते
आवाज होऊ नये म्हणून
पुलाच्या आवाजात.
आणि तेवढ्यात तो वळला,
त्याची झूल पूर्ण पडदाभर पसरली,
आणि मला खालची कड दिसली.

मी अठरा वर्षं कडा मारते.
पहिल्या भागात त्या झुलीची कड कच्ची होती,
डावीकडं एक दोरा लोंबत होता,
उडताना सगळ्यात पुढं तोच.
तेव्हा मी यल्लव्वाला म्हटलेलं,
जग वाचवतोय, पण तो दोरा कुणी तोडेल का?
आणि आता:
दुहेरी दुमड. कोपऱ्याला उलटा टाका.
सरळ, बारीक, एका दमात मारलेली.
मी उभीच राहिले.
मागून आवाज, "काय बे! खाली बस की!"
बसले.
पण पुढची दहा मिनिटं काय झालं
मला विचारू नका.

कुणीतरी पाहिलं होतं ना ते.
कुठल्या देशात, कुठल्या दिव्याखाली, माहीत नाही,
दोन भागांच्या मधल्या तीन वर्षांत
कुणाच्या तरी डोळ्यांत तो दोरा
माझ्याइतकाच सलत होता.

शेवटी नावं येतात.
मुंग्यांसारखी वर चढतात, इंग्रजी,
मी एक वाचेपर्यंत तीस निघून जातात.
तिचं कुठलं ते कळलं नाही.
(ती. मी ठरवलंय.)
थिएटर रिकामं. झाडूवालं पोरगं आलं,
"मावशी, संपला."
"बस रे, अजून हाय."
ते खुर्चीच्या हातावर टेकलं, झाडू मांडीवर.

पडद्यावर झूल वाळत पडलेली.
हरबंस तिच्यावर बसला.
इकडं तिकडं पाहिलं.
उठला.
अंडं.

म्हणजे दोन अख्खे पिक्चर
आम्ही तिला हरबंस म्हणत होतो!
पोरगं इतकं हसलं की झाडू पडला.
माझी दाढ हसून हसून
खरंच दुखायला लागली.

अशोक चौकात रिक्षा सिग्नलला थांबली.
समोर चादरींचे गठ्ठे भरलेला टेम्पो,
वरच्या गठ्ठ्याची एक कड उसवलेली, फडफडत.
मी श्वास कोंडला.
सात, आठ, नऊ…
टेम्पो हलला, हॉर्न वाजले, ऊन तसंच.
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं,
"मावशी, तब्येत बरी हाय ना?"
मी हातानंच सांगितलं, थांब जरा.
अकरा.